सिद्धव्वाची आठ पानं

मित्रांनो, माझ्या पाठीवरचा जाड दोरा पाहून हसू नका. मी एक जुनी कादंबरी आहे आणि हा दोरा गोधडी शिवायचा आहे. तो माझ्या पाठीत कसा आला ते सांगावं म्हणते. नीट सांगता येईल की नाही, कुणास ठाऊक. आम्हा पुस्तकांना दुसऱ्यांच्या गोष्टी पोटात ठेवायची सवय. स्वतःची सांगायची वेळ आली की शब्द अडखळतात.

सोलापूरच्या एका छोट्या छापखान्यात माझा जन्म झाला. 'ठसा' नावाच्या मालिकेतला मी तिसरा भाग. मालिकेतली तीन मुलं गुलबर्ग्यात राहतात. गुन्हा घडला की तिथल्या खुणा पाहून ती गुन्हेगाराचं स्वभावचित्र तयार करतात. तो घाईचा की सावकाश, भित्रा की बेफिकीर, घरी एकटा की चारचौघांत राहणारा. वाचणाऱ्यांना ती मुलं फार आवडतात. मला मात्र त्यांच्या मागे उभी असलेली दोन मोठी माणसं जास्त आवडतात. एक काशप्पा मास्तर. बोटांचे ठसे तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते मुलांना पाहायला शिकवतात. दुसरी सिद्धव्वा. पोरक्या झालेल्या या तिघांना तिनं सांभाळलं. तिला ठशातलं काही कळत नाही. मुलं धावत येऊन गुन्हेगाराचं नाव सांगतात, तेव्हा ती त्यांच्या ताटात भाकरी वाढते आणि एकच विचारते, "आन् त्यो न्हाई निघाला तर?"

उदगीरहून बसच्या टपावर बसून मी सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या संतपूर गावच्या मराठी वाचनालयात आले. पहिली काही वर्षं मला कपाटात बसायला सवड नव्हती. एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जायचं, एवढंच माहीत. माझ्या कोपऱ्यांना चिंचेचे डाग पडले, मुखपृष्ठ सैल झालं, तरी बरं वाटायचं. मग घरोघरी मोबाइल आले. सलग दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. झाडलोट करणारे निंगप्पा तेवढे आठवड्यातून एकदा फडक्यानं माझी पाठ पुसायचे.

अशात एके दिवशी नववीतली शैलश्री आली. आई गेल्यावर ती महानंदामावशीकडे राहायला आली होती. वाचनालय सांभाळणाऱ्या उमाजीअण्णांनी तिला आधी मालिकेचा पहिला भाग दिला, मग दुसरा. परत करताना ती खुणांविषयी इतकं बोलायची की अण्णा चष्मा काढून ऐकत बसायचे. "काशप्पा मास्तराची तू चवथी शिष्य हैस बघ," असं ते म्हणायचे, आणि ती लाजून दुसरीकडे पाहायची.

मग माझी पाळी आली. अण्णांची पद्धत अशी की पुस्तक परत आलं की पानं मोजायची. देताना मात्र मोजायची नाहीत. वाचणाऱ्याच्या हातात विश्वासानं द्यायचं. मला घेऊन शैलश्री घरी गेली. पाच दिवसांनी ती मला छातीशी धरून पळत वाचनालयात आली. माझी शेवटची आठ पानं नव्हती.

"अण्णा, कुणीतरी पातीनं कापलीत. लई सावकाश कापलीत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यामागे एक चमकही होती. ती मला ओळखीची वाटली. माझ्यातली मुलंही असंच पाहतात.

दोन दिवस तिनं माझं पान न् पान तपासलं. रविवारी सकाळी वाचनालयात आठ-दहा माणसं पेपर वाचत बसली होती. त्यांच्यासमोर ती उभी राहिली आणि वहीतून वाचू लागली. ओळींखाली विभूतीच्या रेघा आहेत, म्हणजे पानं कापणारा बोट टेकवून वाचतो. म्हणजे त्याला मराठी वाचायची सवय नाही, शाळा कन्नडातून झाली असणार. तो रोज कपाळाला विभूती लावतो. त्याच्याकडे पाती असते आणि पुस्तकापाशी तो एकटा असतो.

सगळ्यांच्या माना निंगप्पांकडे वळल्या. त्यांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते. शाळा कन्नडातून चौथीपर्यंत झालेली. पेपरच्या गठ्ठ्याची सुतळी कापायची पाती खिशात होती. आणि सकाळी कुलूप तेच काढायचे.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "वाचनालयाच्या समितीला सांगा ओ अण्णा. दुसरा माणूस बघा म्हणावं."

फडकं घडी करून निंगप्पांनी खिडकीत ठेवलं. मग कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. "बारा वर्षं झाली, अण्णा," एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

माणसं पांगल्यावर अण्णा म्हणाले, "पोरी, चूक माझी बी हाय. तू वाचायलीस आन् मी नुसता कौतुकानं ऐकायलोय. मास्तरानं थांबवायचं असतंय." मग त्यांनी विचारलं, "त्या सिद्धव्वा काय विचारत्यात गं?"

शैलश्री हळू आवाजात म्हणाली, "त्यो न्हाई निघाला तर?"

"मग तू इचारलीस का?"

तिनं मान हलवली. नाही.

"ह्या गावात विभूती लावणारी किती घरं हैत? माझ्या कपाळाला भंडारा असतोय म्हणून मी सुटलो बघ. न्हाईतर मला बी धरली असतीस."

तिला हसू आलं नाही. मला दप्तरात घालून ती घरी गेली.

मित्रांनो, इथं मला कबूल केलं पाहिजे. पानं कुणी कापली ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज पहाटे पूजा झाली की महानंदामावशी शैलश्रीच्या दप्तरातून मला काढायच्या. बहिणीच्या मुलीनं काय वाचावं, काय नाही, हे आधी स्वतः वाचून बघायच्या, शेवट तर सगळ्यांत आधी. मालिकेचे दोन्ही भाग त्यांनी असेच वाचले होते. बोलायला मराठी, पण शाळा कन्नडातून झालेली; म्हणून बोट टेकवून एकेक अक्षर लावायच्या. पूजेची विभूती बोटांना तशीच असायची. पण मी सांगणार कशी? मला तोंड नाही. जे छापलं तेवढंच मला बोलता येतं.

सोमवारी सकाळी मावशींनी रोजच्यासारखी शैलश्रीच्या कपाळाला विभूती लावली. तीन बोटं टेकली आणि शैलश्री एकदम थांबली. तिनं मावशींचा हात धरून बोटं पाहिली. मग मला उघडून रेघा पाहिल्या. रोज स्वतःच्या कपाळावर असलेली राख तिनं साऱ्या गावात शोधली होती. आपल्या घरात बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"मावशी, तू?"

मावशींनी भिंतीतल्या देवळीतून धुतलेल्या फडक्यात बांधलेली माझी आठ पानं आणली.

"कामून केलीस गं असं?"

"त्यात ती सिद्धव्वा मरती," मावशी म्हणाल्या. "तुझी माय जाऊन दोन वर्षं बी झाली न्हाईत. मला वाटलं, एवढं एक मरण तरी पोरीपासनं लपवावं. मोठी झालीस की देणार होते. फाडून टाकायला हात धजला न्हाई."

शैलश्री रडली. पानांसाठी, आईसाठी की निंगप्पांसाठी, ते मला कळलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "चल."

त्या आधी वाचनालयात गेल्या. काल जी माणसं होती त्यांतली बरीच आजही होती. मावशींनी पदर सावरला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पानं मी कापली. निंगप्पाअण्णाचा ह्यात कायबी संबंध न्हाई." मग अण्णांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि तिघं निंगप्पांच्या घरी गेले. दप्तरात मीही होते.

शैलश्री त्यांच्या पाया पडली. "काका, मी चुकले. तुमाला न इचारताच तुमच्यावर आळ आणले."

"मनाला लागलं पोरी," निंगप्पा म्हणाले. "लागलं न्हाई म्हणलो तर खोटं होईल. पण एक सांगू का? बारा वर्षं पाठ पुसलो, पर त्या पुस्तकाचं एक पान बी मी वाचलो न्हाई. चोरी केली म्हणायलीस, तर आत काय हाय ते तरी कळू दे."

तिथंच ओसरीवर मावशींनी सोबत आणलेली गोधडीची सुई काढली आणि माझी आठ पानं पुन्हा माझ्या पाठीला शिवली. टाके वाकडे पडले, पण घट्ट पडले. मग शेवटचं प्रकरण त्यांनीच वाचलं, प्रत्येक ओळीवर बोट टेकवत. सिद्धव्वा जाते तिथं त्यांचं बोट थांबलं. शैलश्रीनं आपलं बोट त्यांच्या बोटाशेजारी ठेवलं आणि पुढची ओळ दोघींनी मिळून वाचली. निंगप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. वाचून संपल्यावर अण्णांनी त्यांच्यासमोर किल्ली धरली. त्यांनी ती घेतली, कमरेला बांधली आणि म्हणाले, "चवथा भाग हाय का ओ अण्णा?"

आता मी फार जुनी झाले आहे. मित्रांनो, मला चिंचेच्या हातानं धरू नका, माझी पानं दुमडू नका. घरातल्या मोठ्यांनाही माझा निरोप सांगा: एखादं पान मुलांना जड जाईल असं वाटलं, तर ते कापू नका, शेजारी बसा. आणि मला उघडाल तेव्हा शेवटच्या आठ पानांवर ओळींखाली राखेच्या पुसट रेघा दिसतील. तेवढ्या मात्र झटकू नका.