दहा पाचची पिटुकली

हॉस्पिटलच्या सर्व्हरच्या खोलीत दोन मोठी यंत्रं होती, त्यांच्या पोटात मिळून अकरा व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे यंत्रातली यंत्रं, आणि दोघांना मिळून डिस्कांचं एकच स्टोरेज. एक यंत्र पडलं तर दुसरं त्याचे सर्व्हर उचलून घेई. शिवाय मागच्या इमारतीत तिसरं यंत्र होतं. ते ठरावीक वेळाने सगळ्याची नक्कल घेई. तीस सेकंद, पाच मिनिटं की पंधरा, हे मी ठरवायचं होतं. दोन इमारतींमधली केबल संथ, म्हणून मी पंधरा निवडली. पंधरा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय!

वरच्या मजल्यावर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत, सात काचपेट्या होत्या. चौथीत माझी भाची, पिटुकली. अठराशे ग्रॅम भरली की घरी. काल सतराशे ऐंशी भरली होती.

सकाळी दहा सतराला स्टोरेजच बसलं. दोन्ही यंत्रं धडधाकट, पण वाचायला काही नाही. मी धावत मागच्या इमारतीत जाऊन नकला चालू केल्या. दहा एकतीसला संगणकांचे पडदे उजळले. स्वतःवर खूश होते, तोच ताईचा फोन.

"तुझ्या यंत्रानं माझ्या पोरीचं वजन खाल्लं!"

शेवटची नक्कल दहा पाचची होती. वजन दहा बाराला नोंदलं होतं. मी वरच्या मजल्यावर धावले.

"अठराशेच्या वर काहीतरी होतं," सिस्टर म्हणाल्या. "पण काहीतरी असं डॉक्टरांना कसं सांगू? कागद तुमच्याच लोकांनी बंद केले."

"मग पुन्हा करा ना," मी म्हटलं.

"आता दूध प्यालीये. दुधासकट धरत नाहीत. सव्वा एकला, पुढच्या दुधाआधी."

"आणि मधे शी झाली तर?" ताईने विचारलं.

"तर तेवढं कमी."

घरी सोडायची सही करणारे डॉक्टर दोनला निघणार होते. पुन्हा येणार ते परवा. ताई भरलेल्या बॅगेवर हात ठेवून बसली. एकवीस दिवस ती त्या खुर्चीतच झोपत होती. "मावशी म्हणे," एवढंच पुटपुटली.

मी नकलेचं अंतर पाच मिनिटांवर आणलं, एक कोरी वही घेतली आणि काचपेटीजवळ बसले. काचेवर माझा श्वास धुकं धरायचा आणि साधारण चार सेकंदांत विरायचा. नकलेतल्या जगात दहा पाचनंतर एकदम दहा एकतीस झाले होते. मधल्या सव्वीस मिनिटांत तिथे कुणी पिटुकलीला उचललं नव्हतं, तिच्या ओठांना दूध लागलं नव्हतं. मला दिसलं, तिथे निळसर उजेड आहे, सात बाळं अर्ध्या घेतलेल्या श्वासाशी थांबलीत, आणि कापसासारखी सगळी शांतता त्यांच्याभोवती भरून ठेवलीये. तिथे जाऊन हळूच सांगावंसं वाटलं, उठ ग, तुझं वजन करायचंय. मग इकडची पिटुकली जांभई देऊन मूठ उघडायची आणि ते जग विरायचं.

"झोपलीस का?" ताईने ढोसलं. "लक्ष ठेव. आता काही करायला लागली तर तुलाच धुवायला लावीन."

तिने काही केलं नाही.

सव्वा एकला सिस्टरांनी तिचे कपडे काढले, काटा शून्यावर आणला, तिला ठेवलं. ताईने बॅगेचा बंद मुठीत आवळला. आकडे वरखाली झाले, थांबले. मी आधी वहीत लिहिलं, मग सिस्टरांनी संगणकात.

एक वाजून सोळा मिनिटं. एक हजार आठशे चार ग्रॅम.