राहीमावशीच्या सीटखालची टाकी

मी टाकी बोलतेय. पाण्याची नव्हे, आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचीही मी कोणी लागत नाही. तीनचाकी ऑटोत मागच्या सीटखाली आडवी बांधलेली, सीएनजी पोटात घेऊन फिरणारी पोलादी टाकी ती मी. लोक माझ्यावर बसतात, लेकीसुनांची गाऱ्हाणी सांगतात आणि उतरून जातात. खाली कोणी आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. त्याचं मला काही वाटत नाही, पण आज थोडं ऐकून घ्या.

माझ्या अंगावर कुठेही जोड नाही. कारखान्यात एक जाड नळी लालभडक तापवली, गरगर फिरवत तिची टोकं मिटवली आणि मी झाले. मग पोटात पाणी भरून नेहमीच्या दीडपट दाब दिला. मी टिकले, तेव्हा कुठे मानेजवळ नंबर ठोकला. तो नंबर हीच माझी ओळख. दर तीन वर्षांनी पुन्हा हीच परीक्षा द्यायची, पास झाल्याची तारीख धातूच्या पट्टीवर ठोकून घ्यायची, नाहीतर पंपावर गॅस मिळत नाही. नापास झाले तर मला चेपून भंगारात टाकतात. नियम कडक आहे, पण मला तो पसंत आहे. माझ्या पोटात केवढा दाब असतो ते माझं मला ठाऊक.

माझा मालक संघपाल, तेलंगणात आदिलाबादजवळ तामसीकडच्या एका खेड्यातला. त्याची आई विठाबाई जन्मभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत आली. थोरला मुलगा उटनूरला कारकून झाला, संघपालचं मन मात्र इंजिनात. पेट्रोल चढतच चाललं तेव्हा त्याने जुना ऑटो विकला आणि गॅसवरचा हा ऑटो घेतला. गावात चेष्टा झाली.

"गॅस भराले आदिलाबादले जा लागन. काऊन घेतला हा?"

"मी रोज तं आदिलाबादलेच जातो," संघपाल म्हणाला. "मंग?"

पुढे बायांना बसचा प्रवास फुकट झाला. विठाबाईसुद्धा आधार कार्ड पदराला बांधून बसनेच बाजारात जाऊ लागली. त्यात वाईट काही नाही, पण ऑटोवाल्यांचं कंबरडं मोडलं. कोणी ऑटो विकला, कोणी घरापुढे उभा करून त्यावर कपडे वाळत घातले. संघपालने मात्र बस ज्या वेळेला येत नाही त्या वेळा शोधून काढल्या. त्यातली पक्की वेळ राहीबाईची.

राहीबाई त्यांच्या घराशेजारी एकटी राहते. तिच्या किडन्या काम करीत नाहीत. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला आदिलाबादच्या दवाखान्यात रक्त साफ करून घ्यायला तिचा नंबर असतो. गावात पहिली बस येते साडेनऊला. म्हणून ती ऑटोत बसते, बरोबर माझ्या वर. गॅसवर चालतो म्हणून संघपालला तिला परवडेल तेवढ्यात नेता येतं. पेट्रोलवर ते जमलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं आणि राहीबाईलाही. महिन्यामागून महिने तिचं वजन हलकं होत चाललंय. ते डॉक्टरांच्या काट्याआधी मला कळतं.

या एप्रिलमध्ये भीमजयंतीची तयारी सुरू झाली. मिरवणुकीत आपला ऑटो सगळ्यांत पुढे असावा, ही संघपालची हौस. त्याने लखन पेंटरला सांगितलं, "एकही जागा सोडू नको. पूर्ण निळा पाह्यजे." हातात फवाऱ्याचं मशीन आलं की लखन थांबत नाही. त्याने सीट उचलली आणि मलाही नखशिखांत निळं केलं. मानेवरचा नंबर, तारखेची पट्टी, सगळं रंगाच्या दोन हातांखाली गेलं. खोटं कशाला बोलू, मलाही सुख वाटलं. इतक्या वर्षांत कोणी मला सजवलं नव्हतं. मिरवणुकीत आमच्यावर फुलं पडली, विठाबाई पुढच्या सीटवर पांढरं लुगडं नेसून ताठ बसली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही पंपावर गेलो. गॅस भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. राहीबाई उतरून खांबाला धरून उभी राहिली. पंपावरचा मारोती नळी घेऊन वाकला आणि तसाच थांबला.

"भाऊ, नंबर कुठी हाय? तारीख दिसत नाई."

"अरे मारोती, तू तं मले ओळखतो. परवा मिरवणुकीत संगंच होतो आपण."

"तुमाले ओळखतो. टाकीले कसा ओळखू?"

मला मारोतीचा राग आला नाही. त्याचं बरोबर होतं. रंगाखाली चीर असती, गंज असता, तरी कोणाला दिसला असता? त्यात माझी परीक्षाही त्याच महिन्यात होती. राहीबाई परत येऊन बसली. अडीअडचणीसाठी ऑटोत एक छोटी टाकी असते, तिच्यातल्या पेट्रोलवर आम्ही दवाखाना गाठला.

तिला तिथे सोडून संघपाल एका गॅरेजवर गेला. तिथल्या माणसाने ग्राइंडर उचललं. "एका मिनटात घासून देतो. नंबर गेला तं नवा ठोकून देतो. तारीखही टाकून देतो, परीक्षेले नागपूरले जायचं कामच नाई."

ग्राइंडरने रंगाबरोबर माझं पोलादही जाणार होतं, आणि खोट्या तारखेखाली मी किती पातळ झाले ते कोणी विचारणार नव्हतं. स्वस्तात आणि पटकन काम होत होतं, मोह कोणाला नसतो? पण संघपाल म्हणाला, "नको. हिच्यावरच राहीमावशी बसते."

त्या संध्याकाळी मला अंगणात उतरवलं. रंग उतरवायचं औषध लावून विठाबाई आणि तिचा लेक चिंधीने मला पुसू लागले. लोखंडी काही लावायचं नाही, असं त्याने आईला बजावलं होतं. राहीबाई ओट्यावरून पाहत होती. मानेवरचे आकडे एकेक करून वर आले तेव्हा संघपालने ते मोठ्याने वाचले, दोनदा.

दुसऱ्या दिवशी गावातल्या गोपालच्या टमाट्याच्या टेम्पोतून आम्ही नागपूरला गेलो. परीक्षा केंद्रावर त्यांनी दिवा घालून माझं पोट तपासलं, वजन केलं आणि पाणी भरलं. संघपाल काचेपलीकडे उभा होता. मी नापास झाले तर नवी टाकी घेणं त्याला जमणार नव्हतं, ऑटो विकावा लागणार होता, आणि सकाळी सातची वेळ गाठायला राहीबाईला दुसरं काही नव्हतं. दाब चढू लागला. पोलाद ताणलं जातं तेव्हा दुखतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी ठरवलं, इंचभरही हटायचं नाही. दीडपट दाब आला, थांबला, उतरला. मी होते तशी परत आले. पट्टीवर हातोडी बसली तेव्हा संघपालने तोंड फिरवून डोळे पुसले.

आता ऑटो निळा आहे आणि मी माझ्या मूळच्या रंगात आहे. लखनने झाला प्रकार ऐकून स्वतःचे कान पकडले. पेट्रोल उतरलेलं नाही, गॅसही हळूहळू चढतोय. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तुमच्याही सीटखाली माझी एखादी बहीण असेल. तिला सजवू नका, तिची तारीख तेवढी बघा. पंपावर उतरायला सांगितलं तर कुरकुर करू नका.

मागच्या सोमवारी आम्ही पुन्हा पंपावर होतो. संघपालने सीट उचलली. मारोतीने बॅटरी मारून पट्टी वाचली आणि नळी लावली. खांबाला धरून उभ्या राहीबाईने विचारलं, "काय लिवलं हाय तिच्यावर?"

"आणखी तीन वरसं चालते म्हणून लिवलं हाय, मावशी."

"इले तीन वरसं भेटले," राहीबाई म्हणाली. "मले तं दर खेपेले तीन-चारच दिवस भेटते." मग तिने खांब सोडला, पदर खोचला आणि माझ्यावर येऊन बसली. "चाल बापू, सात वाजून राह्यले."