नावं ठेवायची नाहीत

त्या गाडीत बसायचं तर एकच नियम होता: गाडीला नावं ठेवायची नाहीत. खिडकीची काच अर्ध्यात अडकते, सीटची स्प्रिंग टोचते, चालकाच्या शेजारचं दार आतून उघडत नाही, हे सगळं खरं होतं, पण ते मनातल्या मनात म्हणायचं. धाकट्या भावाने एकदा गाडीला ‘महाराणी’ म्हटलं, कारण ती महिन्यातले वीस दिवस रुसलेली असते. मालकिणीने, म्हणजे त्याच्या ताईने, त्याला तिथेच रस्त्यात उतरवलं.

“नावं ठेवू नकोस म्हटलं होतं ना?”

“मी एकच ठेवलं, ताई,” तो म्हणाला, आणि उरलेलं अंतर पायी गेला.

घरात आणि गॅरेजमध्ये सगळे तिला ताईच म्हणत. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सात वर्षांपूर्वी तिने ही लाल, दोन दारांची, चाळीस वर्षांची इटालियन गाडी एका दंतवैद्याच्या शेडमधून आणली, तेव्हा इंजिनमध्ये उंदरांचा संसार थाटलेला होता. आता ती गाडी लॅबपर्यंत जायची आणि बहुतेक वेळा परतही यायची. गॅरेजचे म्हातारे मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “ताई, ही गाडी डोळ्यांनी नाही, नाकाने चालवायची. पेट्रोलचे रबरी पाइप कधी दगा देतील सांगता येत नाही, आणि या इंजिनात कार्ब्युरेटरच्या खालीच डिस्ट्रिब्युटर बसवलाय. वर पेट्रोल, खाली ठिणगी. वास आला की थांबायचं. विचार नंतर.”

चार महिन्यांपूर्वी ताप आला आणि ताईचं नाक गेलं. म्हणजे जागेवर होतं, पण कामातून गेलं. आधी तिला वाटलं सर्दी आहे. मग तिने वहीत रोज नोंद ठेवायला सुरुवात केली: कॉफी, शून्य. साबण, शून्य. लॅबमधलं स्पिरिट, शून्य. साठ दिवसांनी वही बंद करून खणात टाकली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईने पहिलं वाक्य काय म्हटलं असतं, ते तिला पाठ होतं: आता ती गाडी विक.

त्या सकाळी आई शेजारच्या सीटवर होती. आदल्या दिवशी तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, शिंकसुद्धा जपून, असं डॉक्टरांनी तपासणी करताना पुन्हा बजावलं होतं. डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली. घरी पोचायला तासभर लागणार होता.

दवाखान्यातून निघाल्यावर आईने काच खाली केली. काच नेहमीप्रमाणे अर्ध्यात अडकली.

“वारा लागेल डोळ्याला,” ताई म्हणाली.

“लागू दे.”

पुढे चौकात आईने पर्समधून रुमाल काढला. त्याची घडी करून नाकाला लावला. ताईने एकदा पाहिलं आणि सिग्नलकडे लक्ष दिलं. मग रस्ता शहराबाहेर पडला, डोंगराला भिडला आणि बोगदा आला. दोन किलोमीटरचा, शेवटपर्यंत उताराचा. मागे एक ट्रक इतका चिकटला होता की आरशात त्याची जाळीच दिसत होती. आईने आता दोन्ही हातांनी रुमाल धरला होता.

“आई, सर्दी झाली का?”

“नाही.”

“मग रुमाल?”

“असंच.”

“शिंक आली तर डोळ्याला त्रास होईल. काय होतंय ते सांग.”

“सांगितलं की तुला राग येतो,” आई रुमालाआडून म्हणाली. “तुझ्या भावाला उतरवलंस. मला या डोळ्याने कुठे चालत जाता येणार आहे?”

“आई, बोल.”

“मघापासून पेट्रोलचा वास येतोय.”

ताईने आरशात ट्रककडे पाहिलं.

“कधीपासून?”

“दवाखान्यापासूनच. आता फार झालाय, डोकं भणभणतंय. मला वाटलं तुला ठाऊक असेल. तुझी गाडी, तुझं नाक.”

ताईने श्वास ओढला, खोल, छाती भरेपर्यंत. काही नाही. स्वच्छ, कोरी हवा. त्या कोरेपणाचीच तिला आता भीती वाटली. बोनेटखाली काय चाललंय ते तिला दिसल्यासारखं झालं: थेंब, त्याखाली तो काळा डबा, आणि डब्यात मिनिटाला हजारो वेळा उडणारी ठिणगी. थांबायचं तर ट्रक अंगावर येणार. थांबलीच, तर आईच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. आईला उरलेल्या एका डोळ्याने अंधुकच दिसतं. आणि वर बोगदा.

“आई, पट्टा काढ.”

“चालत्या गाडीत?”

“काढ.”

आधी ठिणगी बंद करायला हवी होती. तिने क्लच दाबला, गिअर काढला आणि चावीला हात घातला. एकच घर मागे. आणखी एक घर मागे गेली आणि चावी निसटली, तर स्टीअरिंग जखडतं. तिने दुसऱ्या हाताने स्टीअरिंग घट्ट धरलं. चावी फिरली. इंजिन गप्प झालं. आता फक्त टायरांचा आवाज आणि मागच्या ट्रकचा भोंगा.

“बंद पडली का?” आईने विचारलं.

“मी केली.”

गाडी उतारावर घरंगळत होती. इंजिन बंद असलं की ब्रेकची मदत दोन-तीन वेळाच मिळते. मग पेडल दगडासारखं होतं. ताईने पाय वरच ठेवला. एकदाच दाबायचा, शेवटी. समोरचा उजेड नाण्याएवढा होता. वाटीएवढा, मग ताटलीएवढा होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली आणि बोनेटच्या फटींकडे. धूर दिसतोय का? की काचेवरचा डाग आहे? आईने एक हात ताईच्या मांडीवर ठेवला होता. तो हात गार होता.

बाहेर पडताच ताईने गाडी कडेच्या खडीवर घातली आणि ब्रेक दाबला. लागला. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. ती उतरली, पळत वळसा घालून गेली, बाहेरून दार उघडलं आणि आईला काखेत धरून जवळजवळ उचललं.

“अगं, जोर लावायचा नाही म्हणालेत.”

“तुला. मला नाही.”

चाळीस पावलं गेल्यावर दोघी दगडी कठड्यावर बसल्या. ताईने मिस्त्रींना फोन केला. गाडी उचलून न्यायला ते माणूस पाठवणार होते. मग बराच वेळ काही झालं नाही. आग लागली नाही. तेव्हा ताई आग विझवायचं सिलिंडर घेऊन गेली आणि बोनेट उघडलं. नव्या पाइपाच्या क्लिपखालून एक थेंब लोंबत होता. खाली डिस्ट्रिब्युटरचं झाकण ओलं, चकचकीत.

तो पाइप तिनेच बदलला होता. पंधरा दिवसांपूर्वी. क्लिप आवळल्यावर बोटं ओली झाली होती. सवयीने तिने ती नाकाशी नेली, वास आला नाही, म्हणून ते इंजिन धुतल्याचं पाणी ठरवून फडक्याला पुसलं. लॅबमध्ये नव्या पोरांना ती दरवर्षी सांगायची: बंद यंत्राने शून्य दाखवलं तर ते उत्तर नसतं. साठ दिवस वहीत शून्य लिहिलेली बाई त्या शून्यावर विसंबली होती.

ती परत येऊन आईजवळ बसली.

“मला वास येत नाही, आई. त्या तापापासून.”

आई तिच्याकडे वळली.

“म्हणून नासलेलं दूध प्यालीस होय. मला वाटलं, शहाणी झाली, टाकत नाही आता काही.”

“गाडी विक म्हणशील म्हणून नाही सांगितलं.”

“म्हटलंच असतं,” आई म्हणाली. तिने रुमाल नाकाशी नेला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं. “मी आज न बोलता बसले. मेले असते, पण नियम मोडला नसता. कसली गं अक्कल ही, तुझी पण आणि माझी पण.”

गाडी उचलणारा आला. क्रेन लावायच्या आधी तो बोनेटजवळ गेला आणि दोन पावलं मागे सरला.

“बाप रे, केवढा वास. ताई, एवढ्या लांब आणलीत कशी? कळलं नाही?”

“माझी चूक,” आईने पटकन सांगितलं. “मला येत होता. मी बोलले नाही.”

ताईने चावी त्याच्यापुढे धरली.

“चूक माझी आहे. मला वास येत नाही,” ती त्या अनोळखी माणसाला म्हणाली. “मिस्त्रींना तसंच सांगा. चावी त्यांच्याकडेच ठेवायला सांगा, मी मागितली तरी द्यायची नाही म्हणावं.”

त्याने चावी घेतली. दोघींना त्याच्या ट्रकमध्ये बसायचं होतं. आई पायरीशी थांबली, दार धरून आत डोकं घातलं आणि नीट हुंगलं.

“डिझेल,” ती म्हणाली. “पण थोडंच. बस.”