भरल्या घराचा पाळणा

टक्, टक्. नूर महंमदने बोटाच्या पेराने पाळण्याच्या दांडीवर वाजवून पाहिलं आणि मघापासून गप्प असलेली खोली घुमली. पंखा, सायकल, लोखंडी पलंग एकामागून एक घराबाहेर पडल्यापासून तिथे चमचा पडला तरी दचकायला व्हायचं.

"सागवान दिसतंय, वहिनी."

"यावलचं आहे. आमच्या अण्णांनी करून घेतला होता, हिच्या वेळी." पुष्पाने उंबऱ्यावर चिंचोके खेळत बसलेल्या रत्नाकडे मान वळवली.

पाळण्यात वरवंटा ठेवलेला होता. रिकामा पाळणा हलू नये, म्हणून पौषात धाकटा गेला त्या दिवसापासून तो तिथेच होता. चार महिन्यांचं लेकरू, तापाने दोन रात्रींत गेलं. नूर महंमदने वरवंटा पाहिला आणि नजर खिडकीकडे नेली. धुळ्यात जुन्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या या माणसानेच त्या पहाटे दवाखान्याबाहेर रिक्षा धरून ठेवली होती.

तिच्या नवऱ्याला, सुकदेवला, सुरतेत कापडाच्या मागावर काम लागलं होतं. खोलीही पाहून ठेवली होती. उद्याच्या गाडीने डिपॉझिट पोचलं नाही तर खोलीवाला ती दुसऱ्याला देणार, आणि मग नवरा तिकडे, मायलेकी इकडे, असं किती काळ चालेल कोण जाणे. सगळं विकून झालं होतं. कमी पडत होते ते पाळण्याने भरून काढायचे होते.

"सोनगीरची एक आजीबाई आणतो दुपारी," नूर महंमद म्हणाला. "तिला जुनाच पाळणा पाहिजे. आता ऐका. भाव आपण आधी सांगायचा नाही. तिला हात लावू द्यायचा. पंखा आपण कसा विकला? चालू करून दाखवला, तर दाम आला. पाळणा चालू करून दाखवता येत नाही. त्याचं लेकरू दाखवायचं. पोरीची वेणीफणी करून ठेवा."

पुष्पाने रत्नाच्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं.

"ती विचारेल, यात किती लेकरं मोठी झाली. लाकडाचा भाव धरला तर शंभर. लेकराचा धरला तर चारशे. तुम्ही म्हणायचं, एकच, ही बघा."

"आणि तो?"

नूर महंमदने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"ते कळलं तर ती शंभरलापण नेणार नाही, वहिनी. मीच विकत घेतला असता. पण माझ्या दुकानातून फोडलेल्या लाकडाच्या भावात जाईल. तुम्ही सांगा, काय करू?"

तो गेल्यावर तिने रत्नाला पुढ्यात घेऊन केस विंचरले. मनातल्या मनात दोनच शब्द घोळवत होती, एकच, ही. एकच, ही. फणी एकाच जागी फिरत राहिली.

"आई, दुखतंय ना."

"हो गं माझी बाय. झालंच." तिने त्या जागी ओठ टेकवले. मग उठून वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि पाट्याजवळ नेऊन ठेवला.

सोनगीरची धुरपदाबाई दुपारी उन्हातून आली ती आधी तांब्याभर पाणी प्यायली, मग पदराने तोंड पुसून थेट पाळण्याकडे गेली. कड्या ओढून पाहिल्या, तळाच्या फळीवरून तळहात फिरवला. नूर महंमद मध्येच म्हणाला, "एक नंबर माल आहे, आक्का. आज असा मिळत नाही."

"तू गप ऱ्हाय, भाऊ. तुले तर खाटलंबी एक नंबर, नि त्याना तुटेल पायबी एक नंबर. मी तिले इचारस." म्हातारी पुष्पाकडे वळली. तिचा चेहरा माहेरच्या एखाद्या मावशीसारखा होता. "मना नातूनं बारसं शे, माय. सात वरीसमा पयलं लेकरू. नवा पाळना नको, भरेल घरना पाहिजे. खरं सांग, यामा कितला पोरं मोठा व्हयनात?"

पुष्पाने तोंड उघडलं. दोनच शब्द होते, पण ते जिभेवर येईनात. समोर म्हातारीचा तळहात अजून त्या फळीवर होता, जणू आत्ताच कुणाला थोपटत होता. सात वर्षं, म्हणाली ती. पुष्पाला वाटलं, सांगून टाकावं. राहू दे सुरत. राहू दे खोली.

"आक्का," ती म्हणाली, "खरं सांगायचं तर..."

"मी एकटीच."

रत्ना उंबऱ्यावरून उठून आली होती. दोन्ही वेण्या पुढे घेऊन ती पाळण्याशेजारी ताठ उभी राहिली.

"मीच निजायची यात. आमच्या घरी दुसरं कोणी नव्हतंच."

धुरपदाबाईने दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. सगळी मोडली. "कशी पोपटनी मायक बोलस! अशीच ऱ्हाय, माय." मग कनवटीची पिशवी सोडून ती म्हणाली, "चारशे एक. बारसानं काम शे, मी घासाघीस नही करस."

नोटा पुष्पाच्या हातात आल्या. नूर महंमदने पाळणा उचलून हातगाडीवर बांधला. सुतळीची गाठ त्याने दोनदा सोडून बांधली, पण वर पाहिलं नाही. म्हातारी पुढे, गाडी मागे, अशी सगळी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

पुष्पा दारातच उभी राहिली. मूठ मिटलेली होती, ती उघडायची तिला आठवण नव्हती. रत्नाने ती दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. एकदा, मग जरा जोराने. चेहऱ्यावर शाळेत पाढा म्हणून झाल्यावर बाईंकडे पाहतात तसं काहीतरी होतं.

"आई," तिने विचारलं, "मी बरोबर बोलले ना?"