गेनबांच्या ओठावर

मी मिशी बोलतेय. खरी नव्हे हं, सिनेमातली! बारीक जाळीवर एकेक केस गुंफून केलेली. माझे मालक म्हणजे भोरचे मेकअपवाले संघपालदादा. आमच्या भागात शूटिंगवाले सारखे येतात, त्यामुळे मला कधी उसंत म्हणून नव्हती.

तुम्ही नट पडद्यावर बघता, मी त्यांच्या ओठावर बसून बघितलेत. हिरो ओठच हलवत नाही. त्याचा सगळा जीव आरशात. खलनायक नाकातून असे फूत्कार सोडतो की मला सर्दी व्हायची बाकी राहते. नाटकातून आलेले काका शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला जातात आणि मला अंघोळ घालतात. विनोदी नट आधी मला उडवतो, मग बोलतो. तिथे माझा भाव जरा जास्तच! एकजण तर भूमिकेत शिरायचं म्हणून जेवतानाही मला काढीना. वरणभात दोघांनी मिळून खाल्ला. मला वाटायचं, अभिनयातलं आपल्याला सगळं कळलं.

मग हिर्डोशीचे गेनबा भेटले.

गेनबा शेतकरी. त्यांच्या झुपकेदार मिशा बघूनच दिग्दर्शकांनी त्यांना छोटं काम दिलं होतं. गाव सोडून गेलेला मुलगा आईकडे परत येतो, एवढंच. जाण्याचा भाग झाला आणि मध्येच गेनबांची खरी आई, फुलाबाई, वारली. रीतीप्रमाणे गेनबांनी केस आणि मिशा उतरवल्या. परतण्याच्या भागासाठी डोकं पटक्याखाली झाकलं, पण ओठ कसा झाकणार? संघपालदादांनी जुना फोटो बघून मला कापलं, हुबेहूब गेनबांच्या मिशीसारखं.

गेनबा मागं सरले. "न्हाई दादा. आयेसाटी उतरवली म्या. आता खोटी कशी लावू?"

"मग तुमचं सगळं कामच कापावं लागेल हो," दिग्दर्शक म्हणाले.

तेवढ्यात गेनबांची बायको रतनबाई पुढं आली. "आवं, आत्याबाई साऱ्या गावाला सांगत हुत्या, माजा गेनबा शिणेमात दिसनार म्हून. त्यांचा सबुद खोटा पाडता व्हय?"

गेनबांनी डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं.

उंबऱ्यात आईचं काम करणाऱ्या बाई बसल्या होत्या. गेनबांना एकच वाक्य होतं, "आये, आलू म्या." ते "आये" म्हणाले आणि पुढचं येईचना. माझ्याखाली त्यांचा ओठ थरथरायला लागला. इतके ओठ पाहिले, पण असा थरथरणारा पहिलाच. मला फार वाईट वाटलं. डोळ्यांतलं पाणी माझ्यावर आलं, गोंद भिजला आणि माझं डावं टोक सुटलं.

झालं, आता दिग्दर्शक ओरडणार! पण त्या बाईंनी आपलं पाठ केलेलं लांबलचक भाषण सोडून दिलं. उठल्या, पदरानं गेनबांचं तोंड पुसलं आणि अंगठ्यानं माझं टोक हळूच दाबलं.

"आलास व्हय? बस. दमला असशील."

तो अभिनय होता की काय होतं, मला अजून सांगता येत नाही.

गेनबांच्या मापाची झालेली मी दुसऱ्या कुणाच्या कामाची राहिले नाही. दादांनी मला त्यांनाच देऊन टाकलं. आता मी हिर्डोशीत, फुलाबाईंच्या पानसुपारीच्या चंचीत असते. गेनबांना खरी मिशी पुन्हा आली आहे, छान दिसते.

सिनेमा लागला की नक्की बघा. परतलेल्या मुलाच्या मिशीचं एक टोक सुटलेलं दिसेल. शेजारी कुणी हसलंच, तर त्याला एवढं सांगा, की त्या लेकाची आई नुकतीच गेली होती.