शालिग्राम आबांचे घट्ट खिळे

मे महिन्यात बाकीच्या गावांचं उरलेलं ऊनही धुळ्याच्या देवपुरात, तेही शालिग्राम आबांच्या पश्चिमेच्या भिंतीवरच ओततात, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. दुपारी त्या भिंतीला टेकवलेली सायकल संध्याकाळपर्यंत वाकायची. म्हणून आबांनी भिंतीला बाहेरून पीव्हीसीच्या पट्ट्या ठोकायला हिलाल मिस्त्रीला बोलावलं, आणि हिलालचे भोग सुरू झाले.

हिलाल सुरतेला बारा वर्षं हेच काम करून नुकताच गावी परतलेला. पट्टीच्या वरच्या काठाला लांबट भोकं असतात. खिळा भोकाच्या बरोब्बर मध्ये घ्यायचा आणि डोक्याखाली रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट ठेवायची. पट्टी उन्हात लांबते, गारव्यात आखडते. तिला सरकायला जागा हवी. पण आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी पाटाच्या दारांचे नट आवळले होते. ढिली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

“हाई काय शे रे हिलाल? बठ्ठा खिळा ढिल्ला!”

“ढिल्ला नहीत आबा, मोकळा शेतस.”

हिलालनं ढिला आणि मोकळा यांतला फरक समजावला. कामाला लागताना समजावला, चहाला समजावला, जेवायला जाताना पुन्हा समजावला. आबांनी तिन्ही वेळा मान डोलावली. तेव्हाच हिलालला घाबरायला हवं होतं.

समोरच्या बंगल्याचे झुलाल नाना ओट्यावर बसून बघत होते. “रविवारपर्यंत ही भिंत सरळ राहिली, तर माझा बंगला तूच कर. नाहीतर जळगावचा मिस्त्री आणतो.” हिलालचं गावातलं हे पहिलंच काम. इथं नाव गेलं की पुन्हा सुरतेची गाडी, आणि बायकोला तर त्यानं शपथेवर सांगितलं होतं की आता सुरत बंद.

गुरुवारी दुपारी भिंतीला पोट सुटलं. असं सुटलं, की त्याच्या सावलीत दोन शेळ्या येऊन बसल्या. हिलालनं डोक्याला हात लावला, पट्ट्या उतरवल्या, नव्यानं ठोकल्या. शुक्रवारी पुन्हा पोट, शेळ्या तीन, पुन्हा सगळं उतरवून ठोकणं. वर आबाच ओरडले, “सुरतेत हेच शिकलास का?”

शनिवारी दिवस उजाडायच्या आत हिलाल येऊन कोपऱ्यात उभा राहिला. साडेपाचला आबा फिरायला निघाले. हातात काठीऐवजी हातोडा. स्टुलावर चढले आणि गारव्यात आखडलेल्या पट्टीवर एकेक खिळा आवळू लागले. ठक, ठक.

“आबा!”

“ओरडतोस काय? तुझंच राहिलेलं काम करतोय. उपकार मान.”

हिलालला रडावं की हातोडा फेकावा, कळेना. दार उघडून आबांच्या पत्नी इंदिराबाई बाहेर आल्या. “अहो, वाळत घातलेल्या पापडाच्या कडेवर चारी बाजूंनी दगड ठेवले तर तो मधून फुगेल की नाही?”

“पापड वेगळा, भिंत वेगळी,” आबा म्हणाले.

“ठीक,” हिलाल दात आवळून म्हणाला. “उद्या डावी बाजू तुमची, उजवी माझी. दुपारी तीनला नाना बघतील.”

रविवारी तीनला गल्ली जमली. उजवी बाजू शांतपणे सरकत होती, दाढी करून बसल्यासारखी गुळगुळीत. डावी फुगली, कण्हली आणि भाजत्या फुटाण्यांसारखी तडतडू लागली. पहिल्या खिळ्यानं आबांची टोपी नेली. दुसरा झुलाल नानांच्या ताकात पडला. तिसरा नरडाण्याला सापडला असं नाना सांगतात, पण ते जरा जास्तच होतं. फार तर अलीकडच्या सोनगीरपर्यंत गेला असेल.

आबा टोपी झटकत म्हणाले, “खिळेच हलके आणलेस तू.”

“बंगला तुझा,” नाना ताकातला खिळा काढत हिलालला म्हणाले. “फक्त याच्या हातातलं ते काढून घे.”

हिलालनं हातोडा घेतला, पिशवीत घातला, वर पिशवीच्या तोंडाला दोन गाठी मारल्या. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आता सुरत खरंच बंद. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मंगळवारी सकाळी नानांच्या भिंतीला पहिली रांग लावून झाली होती. बुधवारी हिलाल गल्लीत शिरला तर ठक, ठक. तो धावला. वाटेत ओट्यावर इंदिराबाई मिरच्या घेऊन बसलेल्या. समोर नुसता खल.

“हिलाल,” त्या म्हणाल्या, “आमचा बत्ता दिसला का रे कुठं?”