टाक्यांतलं तोंड

दोन वर्सं झाली, आमच्या मालकांना दिसत न्हाई. काचबिंदू. आदी शेजारचं घर गेलं, मग अंगन, मग मी. पन रडगानं गानारा मानूस न्हाई. काठी घेऊन गोठ्यापत्तोर जातात, म्हशीला नावानं हाका मारतात आन् माझ्या भाजीत मीठ कमी म्हनून कुरकुरतात. नाव घ्यायचं म्हंजी सहादेव, पन बोलनं शकुनीचं.

संक्रांतीच्या आदी एकदा ओट्यावर बसल्या बसल्या म्हनले, "छबू, आवाज आला की आदी तुझं तोंड फुडं यायचं. आता येईना. इसरलो वाटतं."

मी म्हनलं, "बरं झालं, सुटलात एकदाचे." पन चुलीफुडं जाऊन लई रडले. पन्नास वर्सं ज्याच्यासंगं काढली, त्याच्या मनातनं आपलं तोंड पुसून जावं? त्यापरीस मरन बरं.

तुमी म्हनाल, मग हातानं चाचपून बगावं. अवो, घरात ल्योक, सून, नात. ह्या वयात तोंडं चाचपत बसलो तर लोकं शेन घालतील तोंडात.

नात ज्ञानेश्वरी नगरला चित्रकलेच्या कॉलेजात हाय. संक्रांतीला आली तवा मोबाईलवर माझा फोटू काढून गेली, आन् फुडच्या खेपेला त्यो कापडावर छापूनच आनला. टोपलीएवढं तोंड!

"आजी, हे माझं परीक्षेचं काम. छापलेल्या फोटोवर भरतकाम. तू फक्त पदराच्या काठावर साखळी टाका घाल. चेहरा तसाच ठेवायचाय."

"फोटूवर सुई? फोटू काय गोधडी हाय?"

"गोधडी शिवणारा हात तुझाच आहे ना?"

पोरगी बोलन्यात आज्यावर गेलीय. कापड माझ्या हवाली करून ती कॉलेजला गेली.

काठ दोन दिवसांत झाला. झाला म्हनून त्याच्यावरनं बोट फिरवलं, तर टाका न् टाका हाताला लागला. डोळे मिटून बघितलं, तरीबी लागला. मग मी थांबते व्हय? फोटूबरहुकूम नाक भरलं, भुवया भरल्या, गालावर जाड दोरा घातला, कपाळाला कुंकू गच्च भरलं. समोर फोटू असल्यावर आरशात बगायचं काय काम? सुरकुत्या फोटूत न्हवत्या, मीबी घातल्या न्हाईत. फुकटचं तरनं व्हायला कोनाला नको?

ज्ञानू आली आन् कापड बघून मटकन खाली बसली. "आजी, काय केलंस हे! परवा प्रदर्शन आहे!"

"उसवून देते."

"उसवलं तर भोकं दिसतील गं. छापलेलं आहे ते." रडकुंडीला आली बिचारी.

मग मी तिला खरं काय ते सांगितलं. तुझ्या आज्याला माझं तोंड आठवंना. पोरीनं डोळे पुसले. मग कापडाची घडी घालून म्हनाली, "असंच लावते. नापास झाले तर झाले. आजोबांना घेऊन ये."

यष्टीनं नगरला गेलो. हॉलमदी माझ्या तोंडाखाली पाटी, 'हात लावू नये'. मालक हात फुडं करून निघाले तसे एक सर धावत आले, "आजोबा, हात नका लावू!"

ज्ञानूनं पाटी काढून पिशवीत टाकली. "सर, हे हात लावायसाठीच आहे."

मालकांची बोटं टाक्यांवरनं फिरली. कपाळ, भुवया, नाक. "नाक बरूबर हाय. फेंदारल्यालं." लोकं हसली. बोटं हनुवटीवर आली, थांबली, परत फिरली.

"ही छबू न्हाई."

मी त्यांची बाही धरली.

"हनुवटीवरचं गोंदन कुठंय? तीन ठिपके. डावीकडचा खाली उतरल्याला. गोंदताना शिंकलीस तू, म्हनून. लग्न झालं तवा तूच सांगितलं हुतंस."

मी फोटूकडं बघितलं. खरंच न्हवतं! ज्ञानूनं जीभ चावली. "आजी, मोबाईल चेहरा गुळगुळीत करतो. डाग समजून पुसलं त्यानं."

मेल्या मोबाईलनं पुसलं आन् मला कळलंबी न्हाई. आन् गोंदन काय हाताला लागत न्हाई. माझी हनुवटी हजारदा चाचपली असती तरी त्यांना ते घावलं नसतं. ते त्यांच्या ध्यानातच हुतं.

भर हॉलात मी हमसून हमसून रडले. मग पदरानं नाक पुसलं, पोलक्याला टोचल्याली सुई काढली, ज्ञानूकडनं हिरवा दोरा घेतला आन् गाठीचे टाके मारायला लागले.

मालकांचं बोट जागेवरच हुतं. "डावीकडची गाठ जरा खाली घे."

"कळतंय," मी म्हनलं. "तोंड माझं हाय."